सपाट देशातले जिने

माझे गुडघे आणि नवऱ्याची कंबर यांचं एका मुद्द्यावर पक्कं एकमत आहे: चढ नको. म्हणून 2018 च्या मे महिन्यात सुट्टीला कुठे जायचं हे ठरवताना नवऱ्याने प्रेक्षणीय स्थळं बघितलीच नाहीत, थेट उंच्या बघितल्या. नेदरलँड्सच्या मुख्य भूमीवरची सगळ्यात उंच जागा 322 मीटर. आमचं पुणं समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर. "म्हणजे आपल्या सोसायटीचं पार्किंग त्यांच्या शिखराच्या वर आहे," असं म्हणून त्याने तिकिटं काढूनसुद्धा टाकली. अ‍ॅमस्टरडॅमची गर्दी नको. लायडन, उट्रेक्ट, डेल्फ्ट अशी जुनी गावं, दिवसाला एकच, आणि सगळं कसं निवांत.

निवांतपणा लायडन स्टेशनपासून कालव्याकाठच्या आमच्या मुक्कामाच्या घरापर्यंत टिकला. दार उघडलं तर समोर भिंत. नीट बघितल्यावर भिंतीला पायऱ्या दिसल्या. आपल्याकडे माळ्यावर चढायची शिडी असते ना, तिला सतरंजी ठोकली की झाला डच जिना. पायरी एवढी अरुंद की पाऊल आडवंच ठेवावं लागे, आणि कठड्याच्या जागी एक दोर. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर. घराच्या मालकीणबाई सत्तरीच्या असतील. त्यांनी आमची तेवीस किलोंची बॅग उचलली आणि बोलत बोलत वर निघूनही गेल्या. आम्ही खाली दोराला लोंबकळत त्यांचा आवाज ऐकत राहिलो.

बाईंनी समजावून सांगितलं की कालव्याकाठची जुनी घरं अशीच, अंगाने चिंचोळी आणि वर उंच. मोठं सामान या जिन्यावरून जातच नाही. म्हणून घराच्या माथ्याशी बाहेर एक आकडा असतो, त्याला दोर लावून कपाटं, पलंग, पियानो खिडकीतून आत घेतात. मी त्या आकड्याकडे फार आशेने बघितलं. वेळ पडली तर मी स्वतःचं खरं वजनही सांगायला तयार होते.

उतरताना तोंड जिन्याकडे करायचं आणि पाठीकडून खाली यायचं, ही दुसरी सूचना. तिसरी बातमी अशी की न्हाणीघर एक मजला खाली होतं. तीन रात्री मी संध्याकाळी सहानंतर पाणी प्यायले नाही.

दुसऱ्या दिवशी लायडनमध्ये "सपाटीवर" फिरायला निघालो, तर गावाच्या ऐन मध्यावर एक टेकडी, वर गोल तटबंदी. बुर्ख्ट म्हणतात त्याला. टेकडी नैसर्गिक नाही. अकराव्या शतकाच्या सुमारास या लोकांनी मुद्दाम माती आणून ती रचली. देवाने दिला नाही तो चढ त्यांनी हाताने केला! मी नवऱ्याकडे बघितलं, तो कालव्यातली बदकं मोजत होता. पण किल्ला खालूनच बघून आलो, हे पुण्यात परतल्यावर सांगणार कुणाला? चढलो. पाच मिनिटांत वर पोचलो. वर पिठलं-भाकरी मिळत नाही.

खरा प्रसंग उट्रेक्टला. तिथला डोम मनोरा 112 मीटर उंच, पायऱ्या 465. मी पायऱ्यांचा हिशेब पर्वतीत करते. पर्वतीच्या 103, म्हणजे हा साडेचार पर्वती, तोही गोल गोल आणि अंधारात. मनोऱ्याला लागून एक भलं मोठं चर्च होतं. 1674 च्या वादळात चर्चचा मधला भाग कोसळला, मनोरा एकटा राहिला, आणि दोघांमध्ये आता मोकळा चौक आहे. वादळालासुद्धा नेमकं बिनपायऱ्यांचंच बांधकाम सापडावं!

वर गाइडबरोबरच जायचं होतं, आणि गाइड मध्ये मध्ये थांबून माहिती सांगत होता. पहिल्या थांब्यावर नवऱ्याच्या लक्षात आलं की प्रश्न विचारला की थांबा लांबतो. त्या क्षणापासून त्याला घंटांविषयी विलक्षण आस्था उत्पन्न झाली. या ओतल्या कधी? 1505 साली. सगळ्यात मोठीचं वजन? आठ टनांहून जास्त. एवढी वर चढवली कशी? धातू कोणता? वाजवतं कोण? मी प्रत्येक उत्तराला मान डोलवत भिंतीला टेकून श्वास घेत होते. बरोबरची तरुण मंडळी घड्याळ बघायला लागली. गाइड मात्र हरखून गेला. "आपण घंटांच्या व्यवसायात आहात का?" त्याने आदराने विचारलं.

"नाही, बँकेत," नवरा धापा टाकत म्हणाला.

वरून देखावा सुंदर होता असं फोटोंवरून दिसतं.

डेल्फ्टला पोचेपर्यंत आम्ही शहाणे झालो होतो. तिथल्या नव्या चर्चच्या मनोऱ्याला 376 पायऱ्या आहेत, एवढं वाचून आम्ही त्याला खालूनच नमस्कार केला. प्रिन्सेनहोफ या जुन्या वाड्यात मात्र गेलो. ऑरेंजच्या विल्यमला, म्हणजे डच लोकांच्या राष्ट्रपित्याला, 1584 मध्ये तिथे गोळ्या घातल्या. भिंतीतली भोकं अजून जपून ठेवलेली आहेत. मारेकऱ्याने त्याला गाठलं कुठे, तर जिन्यापाशी. मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही.

मग जुन्या चर्चसमोर कालव्याच्या कडेला बाक सापडला. या चर्चचा मनोरा चांगला दोनेक मीटर कलला आहे. खाली जमीन भुसभुशीत, बांधत असतानाच तो झुकायला लागला. गावकरी त्याला 'तिरका यान' म्हणतात; यान हे तिकडचं माणसाचं नाव.

"ह्याचेही गुडघे गेलेत," मी म्हटलं. नवऱ्याने सफरचंदाच्या केकचा मोठा तुकडा मला दिला. अर्धा तास आम्ही तिघंही काही न बोलता आपापल्या कलाने बसून होतो.

"आत चित्रकार वर्मीरची कबर आहे," शेवटी तो म्हणाला.

"कुठे?"

"फरशीत."

"तळमजल्याच्या?"

"हो."

मी बोटं पुसली आणि उठले.