ब्रेक ऑइल संपत नाही, गळतं

पुण्यातल्या व्हॅनवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘जुन्या ओम्नीचं ब्रेक ऑइल थोडं गळणारच, आठवड्याला टॉप-अप करा. ऑइल नसेल तर पॉवर स्टिअरिंगचं चालतं. नट पाझरला तर टेफ्लॉन टेप लावा. ब्रेकचे शू ओले झाले तर पेट्रोलने धुवा.’ ओम्नीचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, म्हणजे रस्त्यावरची प्रत्येक ओम्नी आता जुनीच. त्यातल्या कितीतरी गाड्यांत शाळेची मुलं बसतात. म्हणून एकेक मुद्दा बघू.

‘थोडं गळणारच.’ नाही. ब्रेकची यंत्रणा बंद असते, त्यात ऑइल जळत नाही. चाक थांबवणारे पॅड आणि शूवरचे लायनर (घासणारा थर) झिजतात तशी टाकीतली पातळी महिनोन्‌महिने किंचित उतरते, तेवढंच. आठवड्यात उतरली तर गळतीच. चाकामागची ब्रेक प्लेट आणि टायरची आतली बाजू ओली आहे का बघा. मागच्या एक्सलकडे जाणारा लोखंडी पाइप क्लिपखाली गंजतो, कारण पावसाळ्यातला चिखल तिथेच अडकतो. ड्रम (शूंवरचा गोल डबा) काढून व्हील सिलिंडरचं (शू बाहेर ढकलणाऱ्या नळीचं) टोकाचं रबर उचला. आत ऑइल साचलं असेल तर वायसर (ऑइल अडवणारं आतलं रबर) गेला. बाहेर थेंबही नाही आणि पातळी उतरतेय, तर मास्टर सिलिंडरच्या (पॅडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या सिलिंडरच्या) मागच्या सीलवर संशय घ्या: ऑइल बूस्टरमध्ये (पॅडलचा जोर वाढवणाऱ्या डब्यात) किंवा पॅडलच्या दांडीवरून आत जातं. पॅडल मिनिटभर दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसतं, पण पातळी तशीच राहते, तेव्हा मास्टरचा आतला वायसर दाब धरत नाहीये.

टॉप-अपने जुनं ऑइलही आतच राहतं. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) नवं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर ही हद्द १४० पर्यंत येते. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर सतत ब्रेक दाबत आलात, तर ऑइलची वाफ होऊन पॅडल सरळ खाली जाऊ शकतं.

‘पॉवर स्टिअरिंगचं ऑइल चालतं.’ हा सगळ्यात घातक सल्ला. खनिज तेलाने ब्रेकचे रबर फुगतात, मास्टरमधलं परतीचं बारीक भोक बंद होतं आणि ब्रेक सुटतच नाहीत. एकदा ते टाकलं की मास्टर, चारही चाकांची रबर किट, रबरी होज, टाकीच्या झाकणाचं रबर, सगळं बदलावं लागतं. टाकीच्या झाकणावर लिहिलेलं ऑइलच घाला. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालतं, सिलिकॉनचं डॉट ५ नाही.

टेफ्लॉन टेपचा उपयोग शून्य. इथे आटे सील करत नाहीत, पाइपचं फ्लेअर केलेलं (फुलवलेलं) तोंड करतं. जोरात ब्रेक दाबल्यावर आतला दाब ७०-८० बारच्या घरात जाऊ शकतो. टायरमध्ये जेमतेम दोन असतो. एम-सीलचंही तेच. गंजलेला पाइप पूर्ण बदला, डबल फ्लेअर करून. नट उघडायला साधा दहाचा पाना नको, कडा गोल होतात. नटाला जवळपास सगळीकडून धरणारा फ्लेअर पाना घ्या.

पेट्रोलने धुतलेला शू वरून कोरडा दिसतो. लायनरमध्ये मुरलेलं ऑइल तापल्यावर पुन्हा वर येतं आणि गाडी एका बाजूला ओढते. दोन्ही बाजूंचे शू बदला. व्हील सिलिंडरच्या आत खड्डे पडले असतील तर नुसती किट टिकत नाही, अख्खा सिलिंडर घ्या, तोही जोडीने. नाना पेठेत हे सगळं मिळतं.

काम झाल्यावर पाइपमध्ये शिरलेली हवा काढताना मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करा. चाकामागच्या निप्पलला (हवा सोडायच्या बारीक तोंडाला) पारदर्शक नळी लावून तिचं टोक ऑइलच्या बाटलीत बुडवा. मदतनीस पॅडल दाबेल तेव्हा निप्पल अर्धा आटा उघडा. पॅडल सुटण्याआधी बंद करा. पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, कारण पॅडल पूर्ण खाली गेलं तर जुन्या मास्टरचा वायसर एरवी तो पोहोचत नाही अशा गंजलेल्या भागावर घासून फाटतो. बुडबुडे थांबून स्वच्छ ऑइल येईपर्यंत हे करा, टाकी रिकामी होऊ देऊ नका. लिटरभर ऑइल हाताशी असू द्या. बाटलीतलं परत टाकीत ओतू नका.

पहिली चाचणी सपाट, मोकळ्या रस्त्यावर, वीसच्या वेगाने. परतल्यावर प्रत्येक नटाखाली आणि चारही चाकांमागे कोरडं फडकं फिरवून बघा.