प्रभूने तुमचं ओझं माझ्यावर घातलंय

शेजाऱ्यावर प्रेम करायचं, म्हणजे मैत्री करून त्याला चर्चमध्ये आणायचं, ठरवलंत ना? मग आधी एक वही आणा. दोनशे पानी, पुठ्ठ्याची. प्रेमाचं काय, आज आहे उद्या नाही. वहीत नोंद असली की रिपोर्ट देता येतो.

पहिल्या पानावर पाच नावं लिहायची, मंडळीबाहेरच्या, म्हणजे आपल्या चर्चबाहेरच्या, पाच जणांची. मंडळीबाहेरचा म्हणजे नक्की कोण, यावर शिबिरात दीड तास चर्चा झाली. तुम्ही तेव्हा जेवणाच्या कुपनाच्या रांगेत होतात म्हणून सांगतो. तान्हा असताना बाप्तिस्मा झालेला, दृढीकरणाच्या दिवशी नवा सफारी घालून पाळकसाहेबांबरोबर फोटो काढलेला, आणि त्यानंतर नाताळ, लग्न नि मयत सोडून चर्चच्या आवारात न दिसलेला, तो मंडळीबाहेरचा. नगरपासून पुण्यापर्यंत असे गल्लोगल्ली आहेत, लांब जायला नको. शिवाय यांना निम्मी गाणी पाठ असतात.

नावं निवडताना जरा धोरण ठेवा. आजारी माणूस नको, त्याच्याकडे वारंवार जावं लागतं. कर्जबाजारी नको, तो मागेल. प्रश्न विचारणारा तर अजिबात नको. त्याच्या प्रश्नांची उत्तरं शोधता शोधता आपलीच झोप उडते. पन्नाशीचा, पेन्शनीची नोकरी असलेला, किंचित उदास आणि चारचाकीवाला मिळाला तर उत्तम. किंचितच उदास बघा. फार उदास माणूस रात्री फोन करतो.

आता मैत्री. हल्ली ती अस्सल लागते. पूर्वी बरं होतं. एसटी स्टँडवर सुवार्तेची पिवळ्या कागदाची पत्रिका माणसाच्या हातात कोंबली की त्या आत्म्याची जबाबदारी आपल्यावरून उतरायची. तो तीत शेंगदाणे बांधो नाहीतर देवराज्यात जावो. आता मात्र माणसात आधी रस घ्यावा लागतो. घाबरू नका, सरावाने जमतं. त्याला काय आवडतं ते वहीत टिपून ठेवा, आणि पुढच्या भेटीत ते आपल्यालाही पहिल्यापासून आवडत होतं असं सांगा.

खरं कसब बोलणं वळवण्यात आहे. टीव्हीवर मॅच लागलीय. तो ओरडला, "काय विकेट गेली राव!" तुम्ही लगेच बोलायचं नाही. क्षणभर खिडकीबाहेर बघायचं, मग हळूच: "हो ना. आपली कधी जाईल, सांगता येत नाही." वडापाव खाताना तो म्हणाला की मीठ कमी पडलंय, तर सोनंच झालं, 'तुम्ही पृथ्वीचे मीठ आहा' हे वचन त्यासाठीच दिलेलं आहे. पाण्यावरून जिवंत पाणी, दिवे गेले की जगाचा प्रकाश, भाकरीवरून जीवनाची भाकर. मिसळीवरून मात्र अजून कोणाला वळता आलेलं नाही, तेव्हा त्याला मिसळीच्या हॉटेलात नेऊ नका.

तिसऱ्या भेटीत ते वाक्य टाकायचं: "प्रभूने तुमचं ओझं माझ्यावर घातलंय." ओझं म्हणजे आत्म्याची काळजी, हे आपण संडेस्कूलपासून ऐकतो, त्यामुळे आपल्याला त्यात काही वाटत नाही. समोरच्याचा चेहरा मात्र त्या क्षणी बघण्यासारखा होतो. त्याने आयुष्यात बायकोवर, बँकेवर, फार तर सासऱ्यावर भार टाकलेला असतो. कालपर्यंत ज्याच्याबरोबर कटिंग पीत होतो, त्याच्यावर आपण ओझं होतो हे त्याला आजच कळतं. चहाचे पैसे तो त्या दिवशी स्वतः देतो. तुम्ही वहीत लिहा: मन हललं.

कोणी आडमुठा आडवा येईलच. म्हणेल, "प्रभूने 'माणसे धरणारे करीन' म्हटलं ते खरं, पण त्याचा कोळी शिष्य पेत्र जाळंवाला होता, गळवाला नव्हे. जाळ्याला आमिष लावावं लागत नाही, गळाला लागतं." अशा माणसाशी वाद घालू नका. शुभवर्तमानात पेत्राला गळ टाकायला एकदा सांगितलेलं आहे, एवढंच त्याला ऐकवा. तो गळ मंदिराचा कर भरण्यासाठी होता, हे त्याला आठवायच्या आत विषय बदला.

हे सगळं अमेरिकेतून आलं म्हणून नाक मुरडणारेही भेटतील. त्यांना सांगा, या मोजदादीचं माहेर आपल्या शेजारीच आहे. मंडळी का वाढतात आणि का वाढत नाहीत याचं शास्त्र मांडणारे डोनाल्ड मॅकगॅव्हरन जन्मले मध्य प्रदेशातल्या दमोहला, १८९७ साली, मिशनऱ्यांच्याच घरात. पुढे त्यांनी मध्य भारतात काही दशकं काम केलं. शाळा चालत होत्या, दवाखाने चालत होते, मंडळ्या मात्र होत्या तिथेच. हे का, असा प्रश्न त्यांना पडला, आणि प्रश्न प्रामाणिक होता. १९५५ साली त्यांनी जे उत्तर मांडलं त्याचा मथितार्थ असा, की माणूस सुटा येत नाही, नात्यागोत्यातून येतो. नाती हे देवाचे पूल आहेत. यातून त्यांनी पुढे जे निष्कर्ष काढले ते सगळे मला पटत नाहीत. आपापल्या जातकुळीत राहूनच माणसं लवकर येतात, या निरीक्षणाचं आपल्याकडे धोरण झालं की काय होतं ते कोणत्याही गावच्या दफनभूमीत रांगा बघून कळतं. पण पुलाची गोष्ट खरी होती. आपण ती मनावर घेतली. महाराष्ट्रात पूल दिसला की जे करतात तेच केलं: टोलनाका बसवला. आता शेजारी आपल्या घरी वाटीभर साखर मागायला आला तरी पावती फाडल्याशिवाय सोडत नाही.

कार्यक्रम मात्र मोठा हवा. शिकागोजवळच्या विलो क्रीक चर्चचं उदाहरण द्या. १९७५ साली त्यांनी भाड्याच्या सिनेमागृहात सुरुवात केली. त्याआधी दारोदार जाऊन विचारलं होतं, तुम्ही चर्चला का येत नाही? लोक म्हणाले, कंटाळा येतो आणि सारखे पैसे मागतात. मग कंटाळा काढून टाकला: बँड, नाटुकली, दिवे. माणसं हजारांनी आली. पुढे २००७ साली त्यांनीच स्वतःची पाहणी करून कबूल केलं की कार्यक्रमांना हजेरी वाढली म्हणून माणसाचं देवावरचं नि शेजाऱ्यावरचं प्रेम वाढतंच असं नाही. हा उत्तरार्ध कमिटीत सांगू नका. आपल्या प्रोजेक्टरचे हप्ते अजून चालू आहेत.

माणूस जाळ्यात, म्हणजे गळाला, आला की शिष्यत्व. ते आठ आठवड्यांचं असतं. हिरवी पुस्तिका येते, तीत गाळलेल्या जागा भरायच्या: 'देव आपल्यावर ____ करतो.' इथे साठीचा माणूस, ज्याने तरणा मुलगा मातीत ठेवलाय, पेन हातात घेऊन बसतो. त्याला 'प्रेम' हा शब्द लिहायला पाच मिनिटं लागली तर तुम्ही घड्याळाकडे बघा आणि म्हणा, "पुढचं सोपं आहे." आठव्या आठवड्याला प्रमाणपत्र, पेढा आणि फोटो. बारा जणांना बरोबर घेऊन तीन वर्षं धुळीतून चालायचं, त्यांच्या सासूचा ताप बघायचा, त्यांचे पाय धुवायचे, आणि शेवटी सगळ्यांनी पळून जायचं, ही जुनी पद्धत वेळखाऊ होती. शिवाय तीत पुस्तिका नव्हती.

फॉलोअप सोडला तर काय होतं याचं वाईट उदाहरण मराठी मंडळीच्या इतिहासातच आहे. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत एका अनोळखी युरोपियन गृहस्थाने समोरच्या ब्राह्मण कवीशी गप्पा मारल्या, कवितेबद्दल बोलला, निघताना बायबलचा नवा करार दिला. वाचा म्हणाला. दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असंही म्हणाला म्हणतात. पण पत्ता घेतला नाही, कार्ड दिलं नाही, पुढच्या बुधवारच्या कॉटेज मीटिंगचं, म्हणजे घरगुती प्रार्थनासभेचं, बोलावणं नाही. तो कोण होता ते नारायण वामन टिळकांना शेवटपर्यंत कळलं नाही. टिळकांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आजही रविवारी पेटीवर आपण त्यांचीच भजनं म्हणतो, आणि त्या गाडीतल्या माणसाच्या रिपोर्टात मात्र शून्य. लक्ष्मीबाईंचं तर विचारूच नका. नवऱ्याचा बाप्तिस्मा झाल्यावर त्या वर्षानुवर्षं त्याच्यापासून लांब राहिल्या, रडल्या, भांडल्या, स्वतःच्या डोक्याने विचार करून आधी सोवळं सोडलं आणि मग आपल्या पायांनी आल्या. आठ आठवड्यांच्या कोर्सात ही बाई कुठे बसवायची?

टिळकांनी म्हातारपणी आणखी घोळ घातला. १९१७ साली मिशनचं काम सोडून 'देवाचा दरबार' काढला: बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एका सतरंजीवर. आता सांगा, अशाने वही कशी लिहायची? रकाना दोन आणि माणूस एकच.

आणि सगळं करूनही तुमचा माणूस आला नाही तर? तीन महिने थांबा, जास्त नाही. मग पायांची धूळ झटका, म्हणजे व्हॉट्सॲपवरचे सुप्रभात संदेश बंद करा. रस्त्यात दिसला तर हात वर करायला हरकत नाही, पण गाडीवरून उतरू नका. चौथ्या महिन्यात त्याची बायको दवाखान्यात आहे असं कानावर आलं तरी ते नाव आता वहीत नाही, हे लक्षात ठेवा.

हे मी अधिकाराने सांगतोय, कारण मी स्वतः एका वहीत होतो. वडिलांच्या दफनाच्या आदल्या रात्री कमिटीने तेरा महिन्यांची थकलेली वर्गणी आधी मागितली. मी ती भरली, पावती खिशात ठेवली, आणि अकरा वर्षं त्या आवारात गेलो नाही. एक तरुण बंधू माझ्याकडे यायचा. गिटार आणायचा. पोरगा मनाचा चांगला, पण चहा घेताना त्याची नजर भिंतीवर फिरायची. बोलणं कुठून वळवावं ते शोधायचा. एकदा वही माझ्याकडेच विसरला. उघडू नये म्हणतात. मी उघडली. 'क्र. ४. आवड: जुनी गाणी. अडचण: वडील. स्थिती: कोमट.' मी वही बंद करून टीव्हीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी तो घेऊन गेला, आणि 'अडचण'बद्दल दोघेही काही बोललो नाही.

त्याच सुमारास आमच्याकडे मास्तर यायला लागले. यांच्यापासून मात्र तुम्ही सावध राहा. मिशनच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, सगळ्या शिबिरांना अपात्र. दर महिन्याला लाइटबिल घेऊन यायचे. "बाळ, हे मोबाइलवरून भरून दे रे, मला ते जमत नाही." बिल भरायला दोन मिनिटं, मास्तर बसायचे तासभर. पोहे खायचे, शेंगदाणे बाजूला काढायचे, दात नव्हते म्हणून. कोयनेचं पाणी, उसाचा भाव, माझ्या वडिलांनी वर्गात केलेल्या खोड्या. वळवणं वगैरे काही नाही. विहिरीवरच्या शोमरोनी बाईकडे प्रभूने आधी पाणी मागितलं, ही गोष्ट मास्तरांनी शाळेत शंभरदा सांगितली असेल, पण माझ्याकडे यायचे ते खरोखरच बिलासाठी. चार वर्षं. मला चर्चला ये म्हणाले नाहीत. रिपोर्ट लिहायचा तर काय लिहाल? अठ्ठेचाळीस बिलं.

मग मास्तरांना मोतीबिंदूने दिसेना. रविवारी त्यांना कोण सोडणार? मी स्कूटरवर न्यायचो, फाटकापाशी उतरवायचो, समोरच्या टपरीवर पेपर वाचत बसायचो, आणि आशीर्वचन झालं की घेऊन यायचो. जुलैत एका रविवारी पाऊस असा आला की टपरीचं प्लास्टिक उडालं. मी पळत जाऊन चर्चच्या व्हरांड्यात उभा राहिलो, ओलाचिंब.

स्वागत समिती तयारच होती. गिटारवाला बंधूच. त्याने मला टॉवेल दिला नाही, कार्ड दिलं. नाव, फोन, आवडीची वेळ, आणि शेवटी: 'तुम्हाला कोणी आणले?'

"मला कोणी नाही आणलं," मी म्हणालो. "मी मास्तरांना आणलंय."

तो रकाना कार्डावर नव्हता. बंधू जरा घुटमळला, मग पेन काढून त्याने तिथे स्वतःचं नाव लिहिलं. तेवढ्यात मास्तर दाराच्या चौकटीला धरत बाहेर आले. त्यांना मी सांगितलं, हा बघा काय लिहितोय.

"लिहू दे रे," मास्तर म्हणाले. "पोराला वरती दाखवावं लागतं." मग खिशातून चौपट घडी घातलेला, कोपऱ्यावर भिजलेला कागद काढून माझ्यापुढे धरला. "हे बघ, आज शेवटची तारीख आहे. तुझ्या मोबाइलला इथे रेंज येते का?"