स्वीडनचं उदाहरण आपल्याला कितपत लागू?
एका लेखात म्हटलंय की स्वीडन शाळेत स्क्रीन सोडून पुस्तकांकडे वळला, मग आपणही शाळेतले स्क्रीन बंद करावेत. अहो पण तिथे आधी पोरांच्या हातात टॅब्लेट होते, तेही अगदी बालवाडीपासून, म्हणून 2023 मध्ये सरकारला छापील पुस्तकांसाठी 68.5 कोटी क्रोनर काढावे लागले. आपल्याकडे बंद करायला आहे काय? मी झेडपी शाळेवर शिकवते. दीक्षा हे अभ्यासाचं सरकारी अ‍ॅप 2017 ला आलं, पुस्तकात क्यूआर कोड आले, चांगलंच झालं, काही व्हिडिओ खरंच मस्त आहेत, पण घरात फोन एकच आणि तो बापासोबत दिवसभर शेतात, रात्री आठला घरी येतो तेव्हा नेटपॅक संपलेला आणि पोरगं पेंगलेलं. मग मीच घरून व्हिडिओ डाउनलोड करून नेते आणि लाइट असली तर टीव्हीवर लावते. 2020 च्या शैक्षणिक धोरणात 24 वं प्रकरण यावरच आहे, डिजिटल दरी मिटवायला हवी असं त्यात साफ लिहिलंय. लिहिणाऱ्याचं काय जातंय म्हणा! शाळेचं लाइट बिल कोणी भरायचं ते आधी ठरवा, स्वीडनचं नंतर बघू.