कॅरी ग्रँटवर विश्वास ठेवायचा की नाही?

वाद शिरीषने सुरू केला. "१९६३ चा 'शरेड' हा सिनेमा म्हणजे पॅरिसची सहल. ऑड्री हेपबर्नला जिवांशी या फॅशन डिझायनरचे कपडे घालून गावभर हिंडवलंय. रहस्य बेताचंच."

"माझी तक्रार वेगळी आहे," वैशाली म्हणाली. "नायक कॅरी ग्रँट ५९ चा, ती ३४ ची. हॉलिवूडचा हा नेहमीचाच खाक्या."

मी म्हटलं, अगं, हे सगळ्यात आधी खुद्द ग्रँटलाच खटकलं होतं. तरुण मुलीच्या मागे लागलेला म्हातारा दिसायचं नाही, असं त्याने सांगितलं. मग लेखक पीटर स्टोनने संवाद फिरवले. आता ती त्याच्या मागे आणि तो आपलं वय काढून तिला टाळतोय. सिनेमातली निम्मी गंमत त्यातून आली.

"उलट वयाची जोडी असती तर कुठल्या स्टुडिओने पैसे लावले असते?" वैशालीने विचारलं.

एकानेही नसते. त्यावर कुणी वाद घातला नाही.

तशी ही पटकथा आधी बऱ्याच स्टुडिओंनी नाकारलीच होती. स्टोनने तिची कादंबरी केली, ती 'रेडबुक' मासिकात आली, आणि मग हॉलिवूडची मागणी सुरू झाली. दिग्दर्शन स्टॅन्ली डोननचं, म्हणजे नाचगाण्यांचे सिनेमे करणाऱ्याचं. मला वाटतं, म्हणूनच त्याला खून आणि विनोद एका ठेक्यात बसवता आले. नायिकेच्या नवऱ्याच्या अंत्यविधीचा प्रसंग आठव. एकजण शवपेटीपाशी येऊन शिंकतो, दुसरा प्रेताच्या नाकाशी आरसा धरतो, तिसरा चक्क टाचणी टोचून बघतो. आपण हसतो, पण आता ही माणसं हिच्या मागे लागणार हेही कळतं. मढी आणि विनोद एकत्र, हे तेव्हाच्या काही समीक्षकांना रुचलं नाही. मला तर तीच त्याची ताकद वाटते.

"पण झगमगाट कशाला हवा?" शिरीष अडून बसला.

अरे, झगमगाटाशिवाय हे रहस्य उभंच राहत नाही! ग्रँट तीन वेळा नाव बदलतो. प्रत्येक वेळी खोटं उघडं पडतं, आणि तरी त्याच्याकडे बघून आपण पुन्हा भुलतो. शेवटी पॅरिसच्या पॅले रॉयाल या जुन्या राजवाड्याच्या खांबांमध्ये ती दोन पुरुषांच्या मधोमध उभी असते. दोघंही सांगतात, माझ्यावर विश्वास ठेव. तिथे ग्रँटच्या जागी साधा चेहरा असता तर तिची घालमेल आपल्याला जाणवलीच नसती. देखणेपणाचाच संशय यायला लागतो रे!

"मी पाहिला तेव्हा तर सगळा विटका दिसत होता," शिरीष म्हणाला.

"कुठली प्रत पाहिलीस?" वैशालीने विचारलं. नेटवर फुकट मिळालेली, म्हणे.

फुकट का, तर पडद्यावरच्या सूचनेत साल होतं, कंपन्यांची नावं होती, सर्व हक्क राखीव असंही होतं. फक्त 'कॉपीराइट' हा शब्द किंवा त्याची खूण राहून गेली. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानुसार तेवढ्यानेच सिनेमा तिथे सार्वजनिक मालकीचा झाला. मग कुणीही उठावं आणि प्रतीची प्रत काढून विकावी. छायालेखक चार्ल्स लँगने टिपलेलं पॅरिस त्यात पार विटून गेलं. तेच बघून लोक या सिनेमाला उथळ म्हणतात, याचा मला खरंच राग येतो.

"बरं, नीट केलेली प्रत आण," शिरीष म्हणाला. "पण वयाचा मुद्दा वैशालीचाच बरोबर."

"तो आहेच," वैशाली म्हणाली.