आहेराच्या साड्या आणि काडीपेटी

गेल्या महिन्यात सांगलीत विश्रामबागला एका प्रदर्शनातून 'पर्यावरणपूरक हातमाग' म्हणून कुर्ता घेतला, साडेबाराशेला. घरी येऊन आतल्या दुमडीतून उभा एक, आडवा एक असे दोन धागे काढले आणि काडी लावली. (शिवणीचा दोरा घेऊ नका, तो सुती कपड्यालाही बहुतेक पॉलिस्टरचाच असतो.) उभा धागा कागदासारखा भुरकन जळला, मागे बोटावर पुसली जाईल अशी मऊ राख. आडवा आक्रसला, वितळला, टोकाला काळा टणक मणी झाला. ताणा सुती, बाणा पॉलिस्टर. फार वाईट वाटलं. विणकराच्या घरी दोन पैसे जावेत म्हणून मी जास्तीचे मोजले होते.

पॉलिस्टर खनिज तेलापासून बनतं. दर धुण्याला त्याचे डोळ्याला न दिसणारे तंतू पाण्यात सुटतात, आणि आपल्या शेरी नाल्याचं सांडपाणी कृष्णेत जातं हे सांगलीकरांना सांगायला नको.

म्हणून दुकानात विचारा. खादी म्हणजे हाताने कातलेलं आणि हातानेच विणलेलं कापड, त्यावर 'खादी मार्क' बघा. हातमागाचं कापड हाताने विणलेलं, पण सूत गिरणीचं चालतं, त्याला 'हॅण्डलूम मार्क' वेगळा. यंत्रमागाला मी नावं ठेवणार नाही, विट्यात आणि इचलकरंजीत कितीतरी घरं त्यावर चालतात. पण यंत्रमागाचं कापड हातमागाचं म्हणून गळ्यात मारू नये, एवढंच.

आणि कापड कितीही शुद्ध असो, ते शिवणाऱ्या बाईचं काय? २४ एप्रिल २०१३ ला बांगलादेशात ढाक्याजवळ राणा प्लाझा ही कपडे शिवणाऱ्या कारखान्यांची इमारत कोसळली, ११०० वर कामगार गेले. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले सगळ्यांनी पाहिले होते, तरी सकाळी त्यांना कामावर बोलावलं. तेव्हापासून दोनशे रुपयांचा टॉप हातात घेतला की माझा हात अडखळतो.

पण खरं दुखणं आपल्या घरात आहे. देण्याघेण्याच्या साड्या! भाचीचं लग्न ठरलंय. वहिनीने यादी काढली, ऐंशी साड्या, अडीचशेच्या आतल्या. म्हणजे जवळजवळ वीस हजार रुपये, आणि त्यातली एकही कुणी नेसणार नाही. माझ्याच कपाटात अशा सतरा आहेत, घडीसुद्धा न मोडलेल्या. एकीच्या पदराला चिकटवलेली चिठ्ठी निघाली, तिच्यावर तिसऱ्याच घरचं आडनाव. कापूस नाही, रेशीम नाही, नुसतं प्लास्टिक या घरातून त्या घरात फिरतंय आणि त्याला आपण मानपान म्हणतोय.

स्वातंत्र्यलढ्यात, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या काळात याच सातारा-सांगलीच्या गावांत बिनखर्चाची गांधी लग्नं लागली. आपल्या आज्या-पणज्यांनी ती पाहिलीत. त्यांचा मान कुठे कमी झाला नाही.

मी वहिनीला हे सगळं सांगितलं. आधी म्हणाली, "वन्सं, लोक काय म्हणतील?" मग तिच्यासमोर कपाटातल्या एका साडीचा धागा जाळून दाखवला. ती बराच वेळ त्या काळ्या मण्याकडे बघत बसली. रात्री यादी परत मागून घेतली. आता तिच्यात अकरा नावं आहेत, सगळ्यांना सुती साडी, रोज नेसता येईल अशी. बाकीच्यांना हळदीकुंकू आणि ओटी. विट्याच्या मामींना तिने स्वतः फोन करून विचारलं, सहावारी आणू की नऊवारी.