होर्डिंगवरची आमची भाची

गेल्या रविवारी आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर डोंबिवलीच्या काकांनी एक फोटो टाकला. ठाण्यात तीन हात नाक्याच्या सिग्नलला गाडीतून काढलेला, जरा हललेला. वर एका सराफाचं होर्डिंग आणि त्यावर नथ, ठुशी, बाजूबंद घालून आमची भाची. खाली काकांचा प्रश्न : "ही आपलीच ना? एवढी नॅशनलला खेळलेली मुलगी, शेवटी हेच करायचं होतं?" त्याखाली दोघांचे जोडलेले हात, एक रडका चेहरा आणि एका मावसबहिणीचं "टॅलेंट वाया".

मी उत्तर लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. ग्रुपवर भांडण नको म्हणून इथे लिहितेय. काका फेसबुकवर नाहीत. असतील तर नमस्कार काका, वाचा शेवटपर्यंत.

मला टोचलं ते "शेवटी". बावीस वर्षांच्या मुलीचं शेवटी काय असतं हो?

ताईची नोकरी फोर्टात, घरी यायला साडेसात-आठ. त्यामुळे भाचीला रिदमिक जिम्नॅस्टिक्सच्या क्लासला नेणं-आणणं माझ्याकडे. मी घरी शिकवण्या घ्यायचे, त्या सकाळवर ढकलल्या. दुपारी साडेतीनला वर्तकनगरहून अ‍ॅक्टिव्हा काढायची. कॅडबरी, नितीन कंपनी, नौपाडा. मागे ही, खांद्याला हूप, म्हणजे खेळातलं मोठं कडं, अडकवून. स्कूटरवर हूप घेऊन बसलेली मुलगी म्हणजे सिग्नलवर फुकटची करमणूक. रिक्षावाले विचारायचे, "सर्कशीत आहे का?" पहिल्या वर्षी ती रडायची. तिसऱ्या वर्षी "हो, उद्या शो आहे, या," असं सांगायला लागली.

अकरा वर्षं मी त्या हॉलच्या बाकावर काढली आहेत. सगळ्यात ठळक आठवतो तो उकाडा. रिबनचा सराव चालू असला की पंखे बंद. सिनियर मुलींची रिबन ६ मीटरची, साटीनची, वजन जेमतेम ३५ ग्रॅम. नुसती झुळूक लागली तरी तिचा आकार मोडतो, गाठ बसते, आणि गाठ बसली की गुण गेले. मे महिना, ठाण्याचा चिकट घाम, पत्र्याचं छप्पर, पंधरा मुली आणि बंद पंखे. आम्ही आया-मावश्या वहीने वारा घ्यायचो, तोही भिंतीकडे तोंड करून, त्यांच्या बाजूला जाऊ नये म्हणून. स्पर्धेच्या आदल्या रात्री त्या रिबनला इस्त्री करायची. घरातल्या शर्टांना जी माया मिळाली नाही ती तिला मिळाली.

आपल्याकडे जिम्नॅस्टिक्स म्हटलं की दीपा कर्माकर. बरोबरच आहे. २०१६ साली रिओ ऑलिंपिकला व्हॉल्टमध्ये चौथी आली, पदक ०.१५ गुणांनी हुकलं, सगळा देश जागा होता. पण ते आर्टिस्टिक, उड्या-कोलांट्यांचं. हिचं रिदमिक. हे सांगितलं की लोक म्हणतात, "म्हणजे नाच ना?" तेरा बाय तेरा मीटरची चौकट, सव्वा ते दीड मिनिटाचं संगीत, हातात हूप, बॉल, क्लब्ज (छोट्या मुद्गलांची जोडी) नाहीतर रिबन. बॉल ४०० ग्रॅमचा, पण मुठीत पकडायचा नाही. उघड्या तळव्यावर ठेवायचा, नाहीतर दंडावरून, पाठीवरून घरंगळवायचा. छतापर्यंत फेकायचा, खाली दोन गिरक्या घ्यायच्या आणि न बघता झेलायचा. आमच्या हॉलचं छत बुटकं, त्यामुळे हूप दर दोन दिवसांनी लोखंडी कैचीत अडकायचा आणि वॉचमनकाका बांबू घेऊन यायचे. नाच म्हणा खुशाल. पण मग सांगा, कुठल्या नाचात पायाच्या अंगठ्याचं नख वर्षातून दोनदा गळून पडतं?

आणि हे सगळं हसत करायचं. कारण चेहऱ्यावरच्या भावालाही गुण आहेत.

मला मुद्दा हाच मांडायचाय. काका आणि मंडळींच्या डोक्यात एक चित्र आहे : आधी पवित्र खेळ, मग घसरण होऊन दिसण्याचा धंदा. अहो, ती सातव्या वर्षापासून दिसण्याचेच गुण घेत होती. अंबाडा असा की एक बट सुटता कामा नये, त्यावर जेल, त्यावर जाळी. ओठांना लाल रंग, लांबच्या परीक्षकाला दिसेल असा. लिओटार्डचे, म्हणजे स्पर्धेच्या अंगाबरोबर बसणाऱ्या पोशाखाचे, खडे मी स्वतः भुलेश्वरहून आणलेत आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत चिमट्याने एकेक चिकटवलेत. मान किती लांब दिसते, गुडघा पूर्ण ताणला का, पंजा टोकदार आहे का, बोटं कशी ठेवली. या खेळात देहाकडे बघितलंच जातं, तो बघण्यासाठीच घडवलेला असतो. तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या, कारण छातीवर राज्याचं नाव होतं आणि तिला एक पैसा मिळत नव्हता. आता त्याच मानेचे, त्याच बोटांचे पैसे मिळायला लागले तर टॅलेंट वाया?

बरं, टाळ्या तरी कोणी वाजवल्या? तिची एकही स्पर्धा बघायला ग्रुपवरचं कोणी आलेलं मला आठवत नाही. प्रेक्षक म्हणजे आम्ही आया, मावश्या आणि एक आजोबा, जे डुलक्या काढायचे.

आता एक गोष्ट, जी ताईलासुद्धा मी उशिरा सांगितली. तेरा वर्षांची असताना भाची बाहेरगावी एका शिबिराला गेली होती. कुठल्या ते राहू दे. तिथे रोज सकाळी वजनकाटा. आकडा सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचे. परत आली तेव्हा गणपती होते. हिने ताटातल्या मोदकाचं वरचं टोक तेवढं खुडून खाल्लं आणि बाकीचा माझ्या ताटात ठेवला. मी तो खाल्ला. काही न विचारता, गप्पा मारत मारत. त्याचं आजही वाईट वाटतं. एक फोन करायला हवा होता मी त्या शिबिरात.

हे आपल्याकडेच होतं अशातला भाग नाही. उलट जिथे हा खेळ राजा आहे तिथे जास्त. भाची ज्यांचे व्हिडिओ बघत मोठी झाली त्यातली तिची लाडकी मार्गारिता मामुन. रशियाची, पण वडील बांगलादेशातले, म्हणून आमच्या घरात ती "आपली". रिओत तिने सुवर्ण जिंकलं आणि आठवडाभरात तिचे आजारी वडील गेले. त्या तयारीच्या काळावर एक माहितीपट आहे. त्यात प्रशिक्षक तिच्यावर जे ओरडतात ते ऐकून मी बघणं अर्धवट सोडलं. भाचीने मात्र शांतपणे पूर्ण बघितला. तिला त्यात नवीन काही वाटलं नसावं.

त्याच रिओत रशियाचीच याना कुद्रियावत्सेवा, सलग तीनदा जगज्जेती. क्लब्जच्या अगदी शेवटी तिच्या हातातून एक क्लब निसटला आणि सुवर्णाचं रौप्य झालं. २०१७ उजाडताच निवृत्ती. वय १९. कोरियाची सोन यॉन-जे लंडनला पाचवी, रिओला चौथी, मधे २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत सुवर्ण. २२ व्या वर्षी थांबली. खेळत असतानाच ती तिथल्या जाहिरातींचा चेहरा होती, नंतर लहान मुलींना शिकवायला स्टुडिओ काढला. रशियाच्या ल्यासान उत्याशेवाच्या पावलांची हाडं मोडली, ती टीव्हीवर सूत्रसंचालन करायला लागली. रशियाच्याच अलिना काबाएवाचा सिडनी ऑलिंपिकमध्ये, २००० साली, हूप निसटून चौकटीबाहेर गेला आणि कांस्य मिळालं. अथेन्सला सुवर्ण घेतलं. २०११ च्या जानेवारीत ती रशियन 'व्होग'च्या मुखपृष्ठावर होती. तिच्याबद्दल पुढे पेपरात जे छापून आलं तो विषय वेगळा, आणि मधे २००१ चं डोपिंगचं प्रकरणही आहे, तेव्हा तिला आदर्श वगैरे मी म्हणत नाही. माझं म्हणणं इतकंच की ज्या वयात आपली मुलं अजून कॅम्पस प्लेसमेंटच्या रांगेत असतात, त्या वयात या मुली निवृत्त असतात. पुढची साठ वर्षं काहीतरी करायचं असतंच.

"कोच व्हायचं ना मग," हे पुढचं. होतात की. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत भारताकडून उतरलेल्या पूजा सुर्वे आपल्या ठाण्याच्याच, आणि आज त्या मुली घडवतायत. ठाण्याच्याच संयुक्ता काळेने खेलो इंडियात पंचकुलाला पाच सुवर्णं आणली. अभिमानच आहे. पण भारताची एकही रिदमिक जिम्नॅस्ट अजून ऑलिंपिकला गेलेली नाही, आणि नॅशनलला सातवी-आठवी येणाऱ्या मुलीसाठी या देशात दार कुठलं? सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण तिथे पदक लागतं. दहावीला क्रीडागुण मिळाले, त्याचे पेढे वाटून झाले. आणि शिकवायला उभं राहायचं तर पाठ हवी. अठराव्या वर्षी हिच्या कमरेच्या मणक्याला बारीक फ्रॅक्चर निघालं. वर्षानुवर्षं मागे वाकून वाकून होतं ते. डॉक्टरांनी एमआरआय उजेडात धरला आणि विचारलं, "किती वर्षं दुखतंय?" ती म्हणाली, "आठवत नाही." त्या संध्याकाळी आम्ही दोघी मामलेदारची मिसळ खायला गेलो. तिने तिखटच मागवली आणि चार पाव खाल्ले. मी मोजत होते, सवयीने.

मॉडेलिंग अपघातानेच आलं. तिच्या मैत्रिणीच्या आईचं पैठण्यांचं छोटंसं काम, ऐनवेळी मॉडेल आली नाही, हिला उभं केलं. फोटोग्राफर म्हणाला होल्ड, आणि ही होल्ड. तो लाइट नीट करेपर्यंत पापणी हलली नाही. त्याला वाटलं मुलगी कुठून तरी शिकून आलीय. शिकूनच आली होती!

आता ती सकाळी ठाण्याहून घाटकोपर, तिथून मेट्रोने अंधेरी. कॅटलॉगचं शूट म्हणजे ग्लॅमर वगैरे काही नसतं. दिवसाला पन्नास-साठ साड्या, टाचण्यांनी मागून आवळलेल्या, एकेकीला चार पोझ. पैसे तीन-तीन महिन्यांनी येतात. एका एजन्सीने तर ठरल्यापेक्षा जास्त कमिशन कापलं, त्यावर ताईने फोन करून जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. वजनकाटा इथेही आहे, फक्त त्याच्याऐवजी इंची टेप. मी तिला विचारलं, मग फरक काय गं?

"मावशी, इथे नको म्हणता येतं. गेल्या महिन्यात एकाला म्हटलं, दोन किलो कमी करणार नाही, दुसरी बघा."

"मग?"

"बघितली त्याने दुसरी."

आणि हसली. परीक्षकांसाठी शिकवलेलं ते हसू नव्हतं. दात वेडेवाकडे दिसतात तिचे असं हसल्यावर.

ती मॉडेलिंग किती वर्षं करेल मला माहीत नाही. तिलाही नाही. बाहेरून बी.कॉम. चालू आहे, फिजिओथेरपीच्या एखाद्या कोर्सचं मनात आहे, आणि रविवारी सोसायटीतल्या चार लहानग्यांना गच्चीवर रिबन शिकवते, बसूनच. मी त्या गच्चीवर जाते. वारा असतो तिथे, रिबनीचा पार गुंता होतो, कोणाला फरक पडत नाही.

काल भाजी घेऊन येताना मुद्दाम तीन हात नाक्यावरून आले. सिग्नल लाल होता, भरपूर वेळ मिळाला. सगळ्यांना तिथे नथ आणि ठुशी दिसत असेल. मला तिचा उजवा हात दिसला. ठुशीपाशी नेलेला, मधलं बोट किंचित आत, अंगठा त्याच्याजवळ, करंगळी सैल. ही बोटं दागिना दाखवणाऱ्या बाईची नाहीत. बॉल तळव्यावर ठेवण्याआधी हात असा असतो. हजार वेळा बघितलाय. मागच्याने हॉर्न मारला तेव्हा भानावर आले.

घरी येऊन जुना फोन शोधला. त्यात तिच्या शेवटच्या नॅशनलचा व्हिडिओ होता, रिबनचा, पूर्ण दीड मिनिट. काही न लिहिता ग्रुपवर टाकला. रात्रीपर्यंत सगळ्यांचे निळे टिक आले, बोललं कोणी नाही. सकाळी काकांचा मेसेज :

"मुली केवढ्या घामाघूम झाल्यात. एवढा मोठा हॉल, आणि पंखे का नव्हते लावले?"