पंधरा वर्षांत गाडीखाली कोण वाकलं?

आमच्या अण्णांची मारुती ८०० गेल्या वर्षी पंधरा वर्षांची झाली. २०१० च्या जुलैत घेतलेली, केए २२, म्हणजे बेळगावचा नंबर. निवृत्तीच्या पैशातून अण्णांनी स्वतःसाठी घेतलेली ती एकच वस्तू. बाकी सगळं आमच्या शिक्षणात आणि ताईच्या लग्नात गेलं.

आरसीची, म्हणजे नोंदणीची मुदत संपायला दीड महिना होता. आरटीओची कामं करणाऱ्या एका एजंटाला नूतनीकरणासाठी फोन केला. तो म्हणाला, "गाडी आणायची काय गरज नाही सर. चारी बाजूंनी फोटो पाठवा, चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट द्या, बाकीचं मी बघतो." मला बरंच वाटलं. एक दिवसाची रजा वाचणार होती.

त्याच रविवारी दाजी जेवायला आले. दाजींची पिवळ्या बोर्डाची ट्रॅक्स आहे, बेळगाव-खानापूर भाडं मारतात. गाडीला अकरा वर्षं झाली. एजंटाचं बोलणं मी त्यांना सांगितलं तसा त्यांचा हात ताटातच थांबला. म्हणाले, "माझ्या गाडीत परकी माणसं बसतात म्हणून मला दरवर्षी एफसी, गाडीची तपासणी. तुझ्या गाडीत आई-अण्णा बसतात, त्यांना काय किंमत नाही होय?"

मला उत्तर देता आलं नाही. हा सगळा मजकूर त्या एका वाक्यामुळे लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी नियम सांगतो. भाड्याच्या गाडीला नवी असताना दोन वर्षांचं फिटनेस मिळतं. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यापुढे दरवर्षी तपासणी. आपल्याकडे सगळे तिला एफसी म्हणतात, शिनोळी ओलांडून महाराष्ट्रात, चंदगडात गेलं की तीच 'पासिंग' होते. आणि पांढऱ्या बोर्डाच्या खाजगी कारला? नोंदणी झाली की सरळ पंधरा वर्षं. मधे एमिशन आणि इन्शुरन्स सोडलं तर कोणी विचारत नाही. एमिशनवाला सायलेन्सरमध्ये नळी घालतो, ब्रेक बघणं त्याचं काम नव्हे. पंधरा वर्षांनी एकदा तपासणी, मग पाच वर्षांसाठी नूतनीकरण, पुन्हा पाच वर्षं शांतता. म्हणजे अकरा वर्षांच्या ट्रॅक्सखाली दरवर्षी कोणी तरी वाकतो आणि चौदा वर्षांच्या मारुतीखाली एकदाही नाही. दोन्ही गाड्या त्याच रस्त्यावर, त्याच पावसात धावतात. मला हे सरळ सरळ चूक वाटतं.

एजंटाला नको म्हणून सांगितलं आणि गाडी घेऊन उद्यमबाग औद्योगिक वसाहतीजवळच्या मिस्त्रीकडे गेलो. म्हातारा माणूस आहे, कमी बोलतो. मी म्हणालो, "आरटीओला न्यायचीय, तेवढं बघून द्या." त्यांनी विचारलं, "कागदासाठी बघू की गाडीसाठी?" मी म्हणालो गाडीसाठी.

मागची बाजू जॅकवर उचलली, हातानं चाक फिरवलं आणि मला म्हणाले ब्रेक दाबा. मी दाबला. चाक फिरतच राहिलं. पुन्हा दाबला, दोन्ही पाय लावून दाबला. चाक आपलं सावकाश, स्वतःच्या मर्जीनं थांबलं. दुसऱ्या बाजूलाही तेच.

"मागचं ब्रेक लागतच नाही की ओ. पुढच्या दोन चाकांवर चाललंय सगळं."

ड्रम काढल्यावर दिसलं. डावीकडचा व्हील सिलिंडर (ऑइलच्या दाबानं ब्रेक शू ड्रमवर दाबणारा भाग) गळून ब्रेक शू ऑइलनं भिजलेले, उजवीकडचा गंजून जाम झालेला. अण्णा अधूनमधून ब्रेक ऑइल भरायचे हे मला माहीत होतं. ते त्याला 'गाडीची काळजी' समजायचे, मीही समजायचो. पण ब्रेक ऑइल हे इंजिन ऑइलसारखं हळूहळू खर्च होत नाही. पॅड-शू झिजले की पातळी जराशी उतरते, एवढंच. सारखं भरावं लागत असेल तर कुठंतरी गळतंय. आम्ही वर्षभर गळती भरून काढत होतो आणि तिच्यावर झाकण घालत होतो.

मग सपाट रस्त्यावर कळलं कसं नाही? मिस्त्रींनी समजावलं: ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढं झुकतं, त्यामुळे थांबवण्याचं मोठं काम पुढची चाकंच करतात. टिळकवाडीत बाजाराला जाऊन येईपर्यंत काही जाणवत नाही. जाणवतं ते घाटात, पुढचे ब्रेक तापून दमतात तेव्हा. आणि मे महिन्यात आम्ही याच गाडीतून जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरून गोव्याला गेलो होतो. आई, अण्णा, मी आणि माझी नऊ वर्षांची मुलगी. गाडी मीच चालवत होतो. तो वळणांचा उतार माझ्या डोळ्यांपुढून गेला आणि मी गॅरेजमधल्या स्टुलावर बसलो.

तापण्याबद्दल आणखी एक. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. ओल शिरली की त्याचा उकळबिंदू खाली येतो, सलग ब्रेक मारत घाट उतरताना त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पॅडल मऊ पडून खाली जातं. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. आमचं काळ्या चहासारखं झालं होतं. पाऊस आणि घाट दोन्ही वाट्याला आलेल्या आपल्या भागात हे बदलायला किती जण सांगतात? मला पंधरा वर्षांत एकानंही सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

ड्रमला आतून काठ पडला होता. उद्यमबागेत लेथची काय कमी, एका वर्कशॉपमध्ये टर्न करून, म्हणजे आतून तासून गुळगुळीत करून आणला. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो, त्यापुढे गेला तर तो फेकायचा, पुन्हा टर्न करायचा नाही. आमचा एक वाचला, एक नवीन घ्यावा लागला.

मग खालची बाजू. खानापूरकडच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात लाल माती चाकांच्या वरच्या पोकळीत आणि दरवाजाखालच्या पट्टीत जाऊन बसते, ओल धरून ठेवते आणि वरून रंग चकाकत असताना आतून पत्रा खाते. मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हरनं टोचलं तर तो आत गेला. ब्रेकचा लोखंडी पाइप एका जागी इतका गंजला होता की बोट लावल्यावर पापुद्रे निघाले. पुट्टी भरून काळा रंग मारला असता तर कोणालाही दिसलं नसतं. आम्ही कुजलेला भाग कापून नवीन पत्रा वेल्ड केला आणि पाइप बदलला. दोन दिवस जास्त लागले.

टायरचं मला सर्वांत वाईट वाटलं, कारण ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. नक्षी भरपूर शिल्लक होती. कारच्या टायरवर नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की तो बाद, आमची त्याच्या कितीतरी वर होती. पण टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्यावर होतं १२१६. म्हणजे २०१६ च्या बाराव्या आठवड्यातला टायर. नऊ वर्षं उन्हात उभा राहून बाजूच्या रबराला बारीक भेगा पडलेल्या. वयस्कर माणसांच्या गाड्यांचं हेच होतं. गाडी कमी फिरते, किलोमीटर कमी दिसतात, म्हणून सगळे म्हणतात, "वापर काहीच नाही, नव्यासारखी आहे." उभी गाडीही झिजते. रबर सुकतं, सिलिंडर जाम होतो, बॅटरी बसते. घरात आई-वडिलांची अशी दारात उभी गाडी असेल तर आज खाली वाकून ते चार आकडे वाचा.

दोन गोष्टी तर घरबसल्या बघता येतात. स्टीअरिंगची ढिलाई ३० अंशांपेक्षा जास्त नको असं नियमात आहे. ३० अंश म्हणजे घड्याळात बारापासून एकपर्यंतचं अंतर. चाकं सरळ ठेवून स्टीअरिंग अलगद हलवा, दुसऱ्याला पुढच्या टायरकडे बघायला सांगा. तेवढं फिरवूनही टायर हलत नसेल तर मिस्त्रीकडे जा. आणि हेडलाइट: लो बीमचा झोत आठ मीटरवर उभ्या माणसाच्या डोळ्यांत, म्हणजे जमिनीपासून दीड मीटर उंचीवर, जाऊन दिपवायला नको. अंगणाच्या भिंतीवर खडूनं रेघ मारून रात्री बघता येतं. आमचा उजवा दिवा आभाळाकडे बघत होता.

सगळं मिळून साडेबारा हजार झाले. आमच्या एका नातेवाइकानं विचारलं, "चाळीस हजार न येणाऱ्या गाडीला साडेबारा घालवलास?" हा हिशेब मला मान्य नाही. ब्रेक गाडीच्या किमतीला शोभेल इतपत लावायचे नसतात. आत बसलेली माणसं मारुतीत असली काय आणि मोठ्या गाडीत असली काय, तेवढीच मोलाची.

आरटीओच्या दिवशी अण्णा हट्टानं बरोबर आले. वाहन पोर्टलवर नूतनीकरणाचा फॉर्म २५ आधीच भरला होता. मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून भरता येतो, तो वेळेत भरा, उशीर झाला की कारला महिन्याला ५०० रुपये दंड. रांगेत अण्णांच्या पुढे एक कन्नड बोलणारे आजोबा होते, त्यांची जुनी अँबॅसिडर. अण्णांना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. नोटीस बोर्डावरचं आजोबांनी वाचून सांगितलं, अण्णांनी त्यांना टायरवरचे चार आकडे कसे वाचायचे ते दाखवलं. तासभर दोघं वाकून एकमेकांच्या गाड्या बघत होते. सीमाभागात रोज असंच चालतं, ते कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहून ठेवतोय.

ब्रेक इन्स्पेक्टर, म्हणजे आरटीओचे मोटार वाहन निरीक्षक आले. चेसिस नंबर ताडून पाहिला (गंज असेल तर रॉकेल आणि मऊ ब्रशनं पुसा, घासकागद लावू नका, आकडा गेला तर भलताच व्याप होतो), हॉर्न, वायपर, इंडिकेटर, आरसे पाहिले, गाडी चालवून ब्रेक मारला. मागच्या नंबर प्लेटवरचा छोटा दिवा लागत नव्हता, तेवढा बदलून आणायला सांगितला. वीस मिनिटांत आणला. मला आनंद झाला, खरंच. कोणीतरी नीट बघितलं म्हणून.

फीबद्दल बरेच जण चिडलेत. २०२२ च्या एप्रिलमध्ये कारच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून थेट ५,००० झाली आणि २०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या कारला १०,००० केली, वर जीएसटी. माझा राग आकड्यावर नाही. एवढे पैसे घ्या, पण त्या बदल्यात खाजगी गाडीसुद्धा निदान दहाव्या वर्षापासून दरवर्षी नाही तर दोन वर्षांनी तपासा. जुनी गाडी ठेवणाऱ्याला घाबरवून भंगारात घालायला लावण्यापेक्षा ती धड ठेवायला लावा. आपल्याकडे पुष्कळ लोक दिल्लीच्या बातम्या वाचून घाबरून गाड्या विकतायत. डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची ती बंदी दिल्ली परिसरापुरती आहे, बेळगावला ती लागू नाही. इथं धड गाडी तपासणीत पास होऊन पुढे चालते.

ज्यांच्याकडे चंदगड, गडहिंग्लज किंवा कोल्हापूरहून घेतलेली एमएच ०९ गाडी आहे, त्यांना एक सांगणं. दुसऱ्या राज्यातली गाडी इथं बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर तिकडून एनओसी (ना हरकत दाखला) आणून इथला नंबर घ्यावा लागतो, इथला टॅक्स भरावा लागतो. जुन्या स्वस्त गाडीसाठी एवढं कोण करतं, म्हणून लोक टाळतात, मग पंधरा वर्षं भरतात आणि गाडी ना इकडची ना तिकडची होते. आरसी संपलेल्या गाडीनं अपघात झाला तर विमा कंपनी हरकत घेऊ शकते, हे लक्षात ठेवा.

आणि पांढऱ्या बोर्डाच्या ज्या जुन्या व्हॅन शाळेची मुलं भरून नेतात, त्यांचं काय? पिवळा बोर्ड नाही म्हणून एफसी नाही. त्या मुलांचे आई-बाप हे वाचत असतील तर उद्या सकाळी व्हॅन दारात थांबेल तेव्हा टायरकडे एकदा बघा. चालवणाऱ्या मामांना दोष देऊ नका, पोट भरायला चालवतात. चौघांनी मिळून त्यांना ब्रेकच्या कामाचे पैसे द्या, हवं तर. पण बघा.

आता आमच्या घरी ठरलंय, दरवर्षी मेच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागायच्या आत, गाडी जॅकवर जाते. ब्रेक, खालचा पत्रा, टायर, दिवे. खंडेनवमीला अण्णा गाडी धुऊन झेंडूचा हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात, ते चालूच आहे. यंदा मात्र अण्णांनी मला आधी विचारलं, "मिस्त्रीनं मागचं चाक फिरवून बघितलं का?"

काल ताई निपाणीहून आली होती. ती जायला निघाली तेव्हा तिच्या गाडीपाशी वाकून पाहिलं. मागच्या उजव्या टायरवर ३११४ आहे. गाडी इथंच ठेवून घेतली, ती बसनं गेली. आज संध्याकाळी मिस्त्रीकडे नेतोय.